बारा व्होल्टची वाट

बागेतले दिवे मी दुरुस्त करायला लागले ते आवडीने नाही, रागाने. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी "काय छान छंद आहे हो तुमचा" म्हणायला नको. छंद कसला डोंबलाचा! कॉलेजातून दमून यायचं, मोगऱ्याच्या वाफ्यात फतकल मारून बसायचं, चिखलातून तार उपसायची, डासांकडून पाय फोडून घ्यायचे, आणि वरच्या बाल्कन्यांतून शेजाऱ्यांनी शेंगदाणे खात बघायचं. याला कुणी छंद म्हणत असेल तर त्याने खुशाल करावा, मी माझा पाना-पक्कड देते.

आमची बिल्डिंग चेन्नईत, एग्मोर स्टेशनच्या मागच्या अंगाला. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत अशा बिल्डिंगा भराभर उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डरला बाग दाखवायची भारी हौस. आमच्याने जिन्यापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत फरशीची एक पायवाट काढली, दोन्ही बाजूंना झुडपं लावली आणि झुडपांमध्ये गुडघ्याएवढे दिवे रोवले. प्रत्येक दिव्याच्या डोक्यावर टोपी, त्यामुळे उजेड वर न जाता फक्त फरशीवर पडायचा. पायवाटेच्या शेवटी कडुनिंब, आणि कडुनिंबाखाली पिळ्ळैयारचं, म्हणजे आपल्या गणपतीचं, कमरेएवढं देऊळ. बिल्डर चाव्या देऊन गेला आणि बाग आमच्या गळ्यात पडली.

माझं माहेर कोल्हापूरचं. सासर तंजावरकडच्या मराठी माणसांचं, पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. घरात मराठीच बोलतात, पण ती मराठी ऐकून लग्नानंतरचे पहिले काही महिने मी नुसती मान हलवत होते. सासूबाईंना नवरा अम्मा म्हणायचा, म्हणून मीही अम्माच म्हणायला लागले. अम्मा 'मला' म्हणत नसत, 'मज' म्हणत, आणि रागावल्या की वाक्याच्या मध्येच तमिळमध्ये शिरत. आमचं पटायचं का? पटायचंही आणि खटकायचंही. दोघी हट्टी, त्यामुळे घरात तिसऱ्या हट्टी माणसाला जागा नव्हती, आणि नवरा बिचारा तसा नव्हताच.

सासरे गेल्यावर अम्मांनी जॉर्ज टाउनमधलं भाड्याचं घर सोडलं आणि त्या आमच्याकडे आल्या. तिकडे खाली उतरलं की फुलवाली ओळखीची, तेलवाला ओळखीचा, देवळातला गुरुजी ओळखीचा. इथे लिफ्ट, इंटरकॉम आणि बंद दारं. त्यांचं प्रत्येक काम कुणीतरी त्यांच्यासाठी करत होतं आणि त्याचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. दिवसभरात एकच गोष्ट त्या एकट्या करायच्या. दिवेलागणीला पितळी डबीत तेल-वात घेऊन त्या पायवाटेने पिळ्ळैयारपर्यंत जात, दिवा लावत, हात जोडून थोडा वेळ उभ्या राहत आणि परत येत. कुणी सोबत आलेलं चालायचं नाही. मी एकदा मागून निघाले तर वळून म्हणाल्या, "काय गे, मज वाट ठाऊक नाही काय?"

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शुगर वर-खाली होत असल्यामुळे डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलत होते. अशा डोळ्यांची गंमत अशी, की उजेड जास्त झाला तर माणूस आंधळा होतो. समोरून मोटारीचा हेडलाइट आला की अम्मांना सगळं पांढरं दिसायचं, भर उन्हात त्या भिंत चाचपत चालायच्या. पण त्या टोपीखालच्या मंद उजेडात फरशीची कडा त्यांना बरोबर दिसायची. म्हणजे हे दिवे गेले की त्यांचं एकटीने चालणं गेलं. एवढीच गोष्ट होती, आणि तेवढ्यासाठी मी अख्ख्या बिल्डिंगशी भांडले.

सुरुवात झाली ती बल्ब उडण्यापासून. लहान हॅलोजनचे बल्ब, ते उडायचेच. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने दुकानात हाताला लागले ते बल्ब आणून बसवले, आधीच्यापेक्षा दुपटीहून जास्त वॉटचे. झालं! जिन्याजवळचे दिवे डोळ्यांत घुसायला लागले आणि देवळाजवळचे पिवळे, मलूल, असून नसल्यासारखे. एका संध्याकाळी अम्मा तिथल्या पायरीला अडखळल्या आणि तळहात सोलवटून घेऊन आल्या. मी हळद लावत होते तेव्हा नवरा म्हणाला, "अम्मा, तू दिवा सकाळीच लाव ना. सकाळी उजेड असतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, सकाळी उजेड असतो तर दिवा कशाला लावायचा?" मी म्हटलं. "आणि तुमचं ऑफिस दुपारी बारा ते चार केलं तर चालेल का, ट्रॅफिक कमी असतो म्हणून?" अम्मांनी हात सोडवून घेतला आणि त्या पितळी डबी पुसायला लागल्या, ते मला जास्तच लागलं.

मी सेक्रेटरींकडे गेले. हे गृहस्थ मोठ्या सरकारी हुद्द्यावरून रिटायर झालेले, आणि हुद्दा मात्र घरी घेऊन आलेले. इंग्रजी-तमिळ मिसळून बोलायचे आणि प्रत्येक वाक्याला "मॅडम" लावायचे. "बघू मॅडम. इलेक्ट्रिशियनला सांगू मॅडम. हे लेडीज डिपार्टमेंट नाही मॅडम." शेवटचं वाक्य त्यांनी हसत म्हटलं. मीही हसले, घरी आले आणि कपाटातून माझा मल्टिमीटर काढला.

मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होते. व्होल्टेज कुठे पडतं हे पोरींना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं होतं, आणि माझ्याच दारात सासू अंधारात चाचपडत होती. दुसऱ्या दिवशी मी साडी खोचली आणि वाफ्यात उतरले. मीटर रूममधल्या ट्रान्सफॉर्मरपाशी बारा व्होल्ट बरोबर निघत होते. एकेका दिव्यापाशी मोजत गेले तसे ते कमी होत गेले आणि देवळाशी पोचेपर्यंत जेमतेम नऊ राहिले. जास्त वॉटचे बल्ब वाटेतच सगळं खाऊन टाकत होते. एवढं साधं होतं!

मी उघड्या बोटांनी तार सोलायला लागले तर वॉचमन धावत आला. "अय्यो मॅडम, शॉक! शॉक!" मी दोन्ही टोकं बोटांत धरून त्याला दाखवली. "बारा व्होल्ट चावत नाही," मी माझ्या कोल्हापुरी तमिळमध्ये सांगितलं. "चावतो तो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा. तिकडे मी मेन स्विच पाडल्याशिवाय हात लावत नाही." त्याचा विश्वास बसला नाही. पण बातमी मात्र बिल्डिंगभर झाली, की तिसऱ्या मजल्यावरची मराठी बाई करंट हातात धरते.

लहान बल्ब परत बसवले आणि शेवटचा दिवा जिवंत झाला. मग टायमरचं नाटक सुरू झालं. दिवे आपोआप लागावेत म्हणून एक खटक्यांची तबकडी होती, ती विजेवर फिरायची. त्या वर्षांत लोडशेडिंग रोजचंच. वीज गेली की तबकडी थांबायची आणि आली की जिथे थांबली तिथून पुढे निघायची. त्यामुळे आठवड्याभरात दिवे दिवेलागणीऐवजी लोकांच्या जेवणाच्या वेळेला लागायला लागायचे. इलेक्ट्रिशियन म्हणे टायमर खराब. खराब काही नव्हतं, घड्याळ मागे पडलं होतं. मी जाता-येता मीटर रूममध्ये डोकावून तबकडी पुढे सरकवायला लागले. टोप्यांवरची धूळ आणि मेलेले किडे पुसायचे, अंगावर आलेली झुडपं छाटायची, सैल झालेले स्क्रू आवळायचे, हे सगळं ओघाने माझ्याकडेच आलं. नवरा म्हणायचा, "अगं, लोक बघतात." मी म्हणायचे, "बघू देत की. दिवे बघण्यासाठीच असतात."

पण एक दुखणं काही केल्या जाईना. वाट जिथे देवळाकडे वळते तिथून पुढचे दिवे अधूनमधून दगा द्यायचे. आधी लुकलुकायचे, मग मंद व्हायचे, मग ठप्प. मी मीटर लावून लावून जागा शोधली. कडुनिंबाच्या मागे, भिंतीच्या कोपऱ्यात, मातीत पुरलेला एक जॉइंट होता. अलीकडे अकरा व्होल्ट आणि पलीकडे चार. उकरून बघितलं तर तांब्याला हिरवी बुरशी आल्यासारखी चढली होती. मी ती तार कापली, चकचकीत घासली, नव्याने पिळली आणि टेप घट्ट गुंडाळली. दिवे लागले. काही आठवड्यांनी परत तेच, परत हिरवं.

आता बाकीचे जॉइंटही मातीतच होते आणि ते ठणठणीत. मग याच मेल्याला काय धाड भरली होती? बोअरचं पाणी मचूळ आहे म्हणावं तर ते सगळ्या बागेला मिळतं. माळ्यावर संशय घेतला, तर तो त्या कोपऱ्यात पाइप नेतच नव्हता. कोपऱ्यातलं गवत मात्र जळून गेलेलं, टक्कल पडलेलं होतं. ज्याने मुळात वायरिंग केलं त्याला मी फोनवर गाठलं आणि विचारलं, की बाबा रे, जॉइंट तिथेच का पुरलास? तो म्हणाला, "मॅडम, तिथे कुणाचा पाय पडत नाही. सेफ जागा." त्याचं बरोबर होतं. मी तेवढ्यावर फोन ठेवला.

याच सुमाराला सेक्रेटरींनी नोटीस लावली. बागेतले दिवे "वारंवार बिघडत असल्यामुळे" काढून टाकायचे आणि भिंतीपाशी उंच खांबावर मोठा फ्लडलाइट लावायचा. खांब उभाही राहिला. रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग, आणि मीटिंगनंतर चाचणी. मी त्यांना लिफ्टमध्ये अडवलं. सांगितलं, की माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वरून झोत आला तर त्यांना काहीच दिसणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, एका व्यक्तीसाठी सोसायटी चालत नाही. आणि या वयात संध्याकाळी बाहेर कशाला?" लिफ्टचं दार उघडलं म्हणून ते वाचले.

घरी येऊन मी भांडी आपटली. नवरा म्हणाला, "जाऊ दे. आपण अम्माला हाताला धरून नेऊ." अम्मांनी ते ऐकलं. "मज कोणी धरावयास नको," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी ताकभातही धड खाल्ला नाही. हाताला धरून न्यायला सगळेच तयार असतात हो! धरणाऱ्याला वाटतं आपण किती चांगले, आणि धरलं जाणाऱ्याला रोज कुणाला तरी वेळ आहे का याची वाट बघत बसावं लागतं.

रविवारच्या आधीच्या सोमवारी रात्री त्या कोपऱ्यातले दिवे परत गेले. मंगळवारी मी कॉलेजातून आले, सवयीप्रमाणे पंखा लावून थोडी आडवी पडले, उठले तर अम्मा घरात नव्हत्या. दिवेलागणीला अजून अवकाश होता. बाल्कनीतून बघितलं तर त्या कडुनिंबाच्या मागे उभ्या. हातात तांब्या. इकडेतिकडे बघितलं, तांब्या उपडा केला, बरोबर त्या जॉइंटवर, आणि मागे न बघता परत निघाल्या.

मी जिन्यातच गाठलं. तांब्या हातातून घेतला आणि तळाचा ओलावा जिभेला लावला. खारट! खडेमीठ!

"अम्मा, हे काय?"

"काय असावयाचे? मीठ."

मला कळलं. कोल्हापूरला माझी आई दृष्ट काढायची ती मीठ-मोहऱ्यांनी, आणि मीठ-मोहऱ्या टाकायच्या चुलीत. इथे गॅसच्या शेगडीत काय टाकणार? म्हणून इथे मुठीत मीठ घेऊन माणसावरून ओवाळतात, पाण्यात विरघळवतात आणि ते पाणी ओततात अशा जागी, जिथे कुणाचा पाय पडत नाही. सबंध बागेत तशी जागा एकच. वायरवाल्यालाही तीच सापडली होती आणि अम्मांनाही.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. "अम्मा, या मिठानेच तुमचे दिवे जातात! तांबं खाऊन टाकलंय त्याने! आणि दृष्ट काढता तरी कुणाची? तुमचा नातू तर हॉस्टेलला."

अम्मांनी माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. "तुझी," त्या म्हणाल्या. "आणखी कोणाची? अवघी बिल्डिंग वरून बघत असते, तू मातीत बसून तारा जोडतेस ते. तू दुपारी निजतेस तेव्हा काढते. जागेपणी तू ऐकणार काय? तू सायन्सवाली."

जिन्याच्या कठड्याला धरून मी उभी राहिले. रडू आलं, आणि त्याचा मला भयंकर राग आला. दर काही आठवड्यांनी मी त्या बाईसाठी जॉइंट जोडत होते, आणि ती बाई माझ्यासाठी तोच जॉइंट सडवत होती. कपाळ माझं आणि तिचंही!

मग अम्मांच्या लक्षात आलं, की दिवे आपल्यामुळे जात होते. त्यांचा चेहरा पडला. "पोदुम," त्या म्हणाल्या, म्हणजे पुरे झालं. "मज नको दिवा लावणे. मी घरातच हात जोडीन. तू कोणाशी भांडू नको."

"खबरदार!" मी म्हटलं. सासूला आयुष्यात पहिल्यांदा असं म्हटलं असेन. "तुम्ही दिवा लावायचा. मीठही तिथेच ओतायचं, मी झोपते तेव्हाच. जागा तुम्ही नाही बदलायची, जॉइंट बदलेल. त्याला पाय नाहीत, पण मला आहेत."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकली आणि रिची स्ट्रीटच्या बाजारातून पाणी न शिरणारी छोटी प्लॅस्टिकची पेटी आणली. आत ग्रीस भरलेले कनेक्टर. कोपऱ्यातली तार अलीकडूनच उचलली, भिंतीवरून कमरेच्या उंचीला नेली आणि पेटी तिथे ठोकली. मातीत आता अखंड तार, सांधा कुठेच नाही. मीठ ओता नाहीतर अख्खा समुद्र आणून ओता! मीटर लावला, देवळाशी अकराच्या वर. अम्मा बाल्कनीत उभ्या राहून मला सूचना देत होत्या, की उन्हात डोक्यावर पदर घे.

रविवारी पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मी माझं सगळं सांगितलं. देवळाजवळचे दिवे मलूल का होते, टायमर मागे का पडत होता, जॉइंट कुठे हलवला. लोक ऐकत होते. सेक्रेटरींनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग खाकरून म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. माळ्याने पाहिलं आहे. तुमच्या घरच्या पाट्टी रोज तिथे मिठाचं पाणी ओततात. म्हणजे बिघाड तुमच्याच घरचा आहे."

पाट्टी म्हणजे आजी. सगळे हसले. रोज नाही ओतत, हे सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नवऱ्याने मान खाली घातली. अम्मा माझ्या शेजारी बसल्या होत्या, तेला-वातीची डबी मांडीवर धरून.

"हो, ओततात," मी उभी राहिले. "आणि उद्याही ओततील. तुमच्यापैकी कुणाच्या घरी दृष्ट काढत नाहीत, त्याने हात वर करावा." कुणाचा हात वर गेला नाही. "या गावात जॉइंट कुठे पुरावा हे इथली माणसं मीठ कुठे ओततात ते बघून ठरवायला हवं होतं. ते चुकलं होतं, मी सुधारलं. आता बिघाड नाही. दिवे लावून बघा."

"आधी फ्लडलाइट बघू," सेक्रेटरी म्हणाले.

दिवेलागण झालीच होती. बोलण्याच्या भरात माझं अम्मांकडे लक्ष नव्हतं. मीटिंगची त्यांना काय फिकीर? वेळ झाली तशा त्या उठल्या आणि डबी घेऊन पायवाटेला लागल्या. दिवे माझ्या टायमरवर वेळेवर लागले होते. त्या अर्ध्या वाटेत असतील नसतील, तेवढ्यात सेक्रेटरींनी हात वर केला आणि इलेक्ट्रिशियनने खांबावरचा फ्लडलाइट सुरू केला.

केवढा तो उजेड! बाग पांढरीफटक पडली. बाल्कन्यांतून टाळ्या वाजल्या. "बघा, सुई पडली तरी सापडेल," सेक्रेटरी म्हणाले. आणि अम्मा वाटेच्या मधोमध थांबल्या होत्या. एक हात डोळ्यांवर, दुसरा डबीसकट हवेत काहीतरी शोधत. एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. डबी हातातून निसटून फरशीवर आपटली आणि तेल सांडलं.

"मज काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण टाळ्या थांबल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

नवरा धावला. मी त्याचा शर्ट मागून धरला आणि त्याला थांबवलं. स्वतः मीटर रूमकडे गेले. इलेक्ट्रिशियन दारात होता, त्याला म्हटलं, "बाजूला हो." सेक्रेटरी मागून "मॅडम, मॅडम, परमिशनशिवाय" असं काहीतरी म्हणत होते. मी फ्लडलाइटचा स्विच पाडला. एकदम काळोख झाला. मग डोळे निवले तसे ते गुडघ्याएवढे दिवे दिसायला लागले, शेवटपर्यंत सगळे, एकही लुकलुकत नव्हता.

अम्मांनी डोळ्यांवरचा हात काढला. मग वाकल्या, फरशीवर हात फिरवून डबी उचलली, तळाशी उरलेल्या तेलात वात नीट केली आणि चालायला लागल्या. वळणावर वळल्या. पायरी चढल्या. काडी ओढल्याचा आवाज आला आणि पिळ्ळैयारसमोर दिवा लागला.

त्या परत आल्या तेव्हा सेक्रेटरी वाटेच्या तोंडाशी उभे होते. त्यांचा आवाज आता उतरला होता. "पाट्टी, तुमच्या काळजीनेच सांगतो," ते तमिळमध्ये म्हणाले. "उद्या इथे पडलात तर जबाबदार कोण?"

अम्मा त्यांच्यासमोर थांबल्या. त्यांना तो चेहरा ओळखू आला की नुसता आवाज, मला माहीत नाही. सगळ्यांना समजेल अशा ठणठणीत तमिळमध्ये त्यांनी उत्तर दिलं.

"पडले तर मी पडेन. माझं पडणंसुद्धा तुमच्या ताब्यात हवं का?"

मग त्या जिन्याकडे निघाल्या आणि आम्ही सगळे बाजूला झालो.